मागे फिरायचा अधिकार सरांकडे असू द्या

प्रति,
मुंबई आणि उपनगरांतल्या शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका व संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शिक्षकखोलीत एक सर असतात. काही शाळांत त्या बाई असतात. कुठे भूगोल शिकवतात, कुठे पीटी, कुठे गणित. सोमवारी त्यांच्या बुटांच्या खाचांत तांबडी माती असते आणि खणात खडूच्या डबीशेजारी क्रेप बँडेज, सुतळी, शिटी, ओआरएसची पाकिटं. शाळा सोडून वीस वर्षं झालेला मुलगा दादर स्टेशनात भेटला की आधी त्यांचीच चौकशी करतो, सर अजून डोंगरात जातात का म्हणून. हे पत्र त्या सरांबद्दल आहे. शाळेच्या मुलांना सह्याद्रीत नेताना अशा शिक्षकांच्या जोडीला मागचं टोक सांभाळणारे आम्ही मुंबईतले ट्रेक लीडर ते लिहीत आहोत.

मागणी एकच आहे. मुलांना घेऊन वर जायचं की मागे फिरायचं, हा निर्णय डोंगरावर उभ्या असलेल्या सरांचा राहील आणि तो काहीही असला तरी शाळा त्यांच्यामागे उभी राहील, एवढं लेखी द्या. पुढे जे तपशील येतील ते या एका निर्णयापर्यंत पोचण्यासाठी सरांना काय काय करावं लागतं, त्याचे आहेत.

आत्ता लिहिण्याचं कारणही सांगतो. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मुंबईच्या मुलांना रेल्वेने एका दिवसात जाऊन येण्यासारखा त्यांतला किल्ला म्हणजे लोहगड. आता प्रत्येक शाळेला लोहगड हवा असणार. टूरवाले शंभर-शंभर मुलांचे दर घेऊन तुमच्या दारात येणार. कार्यक्रमपत्रिकेत 'लोहगड दर्शन' छापलं की माथा गाठणं हा करार होतो, आणि मुलांसोबत गेलेला शिक्षक त्या करारातला प्रवासी होतो. इथून पुढे बिघडायला वेळ लागत नाही.

फेब्रुवारी २०१६मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवरच्या अटी वाढल्या, हमीपत्रं आली, परवानग्यांचे कागद जाड झाले. कागद हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पालकाच्या सहीचं हमीपत्र मुलाला बुडण्यापासून वाचवत नाही. पाण्यात कुणीही पाय घालायचा नाही हे आधी ठरवणारा, किनाऱ्यावर उभं राहून ते पाळून घेणारा आणि त्यासाठी मुलांची नाराजी पत्करणारा माणूस वाचवतो.

तर सरांचं काम सुरू कुठून होतं? सहलीच्या आधीच्या पायलटपासून. आम्ही डोंगरवाले पाहणीला पायलट म्हणतो. ती सहलीच्या आठ ते पंधरा दिवस आधी व्हायला हवी. महिनाभर आधीची पाहणी अर्धी वाया जाते, कारण दिवाळीनंतर महिन्याभरात गवत वाळतं, ओढा आटतो, मळलेली वाट बुजते आणि गुरांची ढोरवाट जास्त ठसठशीत दिसायला लागते. मुलं ढोरवाटेलाच लागतात. पायलटला त्याच वाराला, त्याच गाडीने, त्याच वेळेला जायचं असतं. रविवारची सहल असेल तर रविवारीच जायचं, म्हणजे मेगाब्लॉक, बदललेल्या लोकल आणि परतीच्या गर्दीचा अंदाज येतो. शनिवारी पाहणी करून रविवारी मुलं नेली आणि ब्लॉकमुळे परतीची कर्जत लोकल नसली, की संध्याकाळी चाळीस मुलं फलाटावर बसतात आणि पालकांचे फोन सुरू होतात.

पायलटमध्ये सरांच्या वहीत काय उतरतं ते एकदा मागून बघा. प्रत्येक फाटा आणि तिथली खूण. पायथा सोडल्यापासून त्या फाट्यापर्यंत लागलेली मिनिटं. मोबाइलला रेंज कुठे येते आणि कुठे जाते. चाळीस मुलं एकत्र सावलीत बसतील अशा जागा, त्या बहुतेक गडांवर दोन-तीनच असतात. मुलींसाठी आडोसा. मधमाश्यांची पोळी. कोणत्या ठिकाणापर्यंत गाडी येते, आणि जखमी मुलाला उचलून तिथपर्यंत आणायला चार माणसांना किती वेळ लागेल. जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, रविवारी डॉक्टर असतात का, हे तिथे जाऊन किंवा फोन करून विचारलेलं. ही वही हीच खरी सुरक्षा. तिच्यासाठी सरांचा एक रविवार, प्रवासखर्च आणि जोडीला एक माणूस लागतो. बहुतेक शाळांत हे तिन्ही सरांच्या खिशातून जातं. पायलटला कामाचा दिवस धरा आणि त्याची बदली रजा द्या.

मग वेळेचं गणित. डोंगरात ढोबळ हिशेब असा: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर ३०० मीटर चढाईला अर्धा तास वेगळा. समजा वाट ३ किलोमीटरची आहे आणि चढाई ४५० मीटरची. अंतराला ३६ मिनिटं, उंचीला ४५, मिळून ८१. हा सवयीच्या, एकट्या माणसाचा वेळ. आठवीच्या वर्गासाठी तो दीडपट ते दुप्पट धरायचा, म्हणजे दोन ते पावणेतीन तास. आता त्यात एक कातळटप्पा घाला, जिथे एका वेळी एकच मूल चढू शकतं. एका मुलाला दीड मिनिट धरलं तर चाळीस मुलांना एक तास. उतरताना तेवढाच, बहुधा जास्त, कारण उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. चार जणांच्या ट्रेकमध्ये सहा मिनिटांचा असलेला टप्पा शाळेच्या सहलीत जाऊन-येऊन दोन तास खातो. हे गणित न केल्यामुळे जितक्या सहली अंधारात सापडतात, तितक्या वाट चुकून सापडत नाहीत. डिसेंबरात मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच दिसेनासं होतं.

म्हणून सर निघायच्या आधी परतीची वेळ ठरवतात. माथा आलेला असो वा नसो, साडेअकरा म्हणजे साडेअकरा. माथा वीस मिनिटांवर दिसत असतानाही. ही वेळ मुलांना, सोबतच्या शिक्षकांना आणि तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत असायला हवी. वर उभं राहून ठरवायला गेलं तर कुणीच ठरवू शकत नाही. मुलं हट्ट करतात, दमलेल्या माणसाला दम लपवायचा असतो, आणि सोबतच्या एखाद्या पालकाला 'एवढं आलोच आहोत तर' म्हणायचं असतं. 'एवढं आलोच आहोत तर' इतकं घातक वाक्य डोंगरात दुसरं नाही.

इथे तुमचं काम येतं. पालकांना जाणाऱ्या पत्रकात गडाच्या माथ्याचं आश्वासन देऊ नका. 'कर्नाळा परिसर अभ्याससहल' असं लिहा आणि दोन बेत छापा. पहिला बेत किल्ल्यापर्यंत. दुसरा, ऊन किंवा मुलांची तब्येत किंवा मधमाश्या पाहून, अभयारण्यातली हरियाल किंवा मोरटाका निसर्गवाट. लोहगडाचं असेल तर दुसरा बेत भाज्याच्या लेण्यांचा. लेणी २२ आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, आणि तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी अजून आहेत. दुसरा बेत पहिल्याच्या तोडीचा असला तर मागे फिरताना मुलांचा विरस होत नाही आणि सरांना कुणाला तोंड द्यावं लागत नाही. लोहगडाला मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव, तिथून चढून लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड, मग लोहगडवाडी आणि पायऱ्या. खिंड ही थांबून विचार करायची जागा. मुलांचा वेग, घड्याळ, उरलेलं पाणी तिथे तपासायचं आणि ठरवायचं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून वर गेल्यावर विंचूकाटा या गडाच्या लांब सोंडेचं टोक दिसतं. एकदा ते दिसलं की मुलं ऐकत नाहीत. पावसाळी रविवारी तर याच दरवाजांत माणसं तासन्‌तास अडकून पडतात. जून ते सप्टेंबर शाळेची सहल लोहगडावर काढूच नका.

पावसाबद्दल मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको, तरी एक आकडा आठवून द्यावासा वाटतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला त्याच काळात ७४च्या आसपास. एकाच शहरात इतका फरक पडतो, तर मुंबईचा अंदाज पाहून सह्याद्रीतला ओढा कसा कळणार? तिथे सर पाण्याचा रंग बघतात. स्वच्छ वाहणारं पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, तर वर कुठेतरी पाऊस झालेला आहे आणि लोंढा वाटेत आहे, डोक्यावर ऊन असलं तरीही. सगळ्यात बुटक्या मुलाच्या गुडघ्याला लागेल इतकं वाहतं पाणी असेल तर ओलांडायचं नाही. अलीकडे अडकलो तर उशीर होईल, फार तर. पलीकडे जाऊन अडकलो तर रात्र.

उन्हाचं दुखणं जास्त फसवं. आमच्याकडची हवा दमट, घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. एप्रिल २०२३मध्ये खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसं दगावली. कर्नाळ्याची वाट तिथून फार लांब नाही. फेब्रुवारीच्या शेवटानंतर शाळेच्या मुलांना दुपारी डोंगराच्या उघड्या धारेवर नेऊ नये, हे आमचं ठाम मत. पाणी माणशी अडीच ते तीन लिटर. ते मुलाच्या पाठीवर तीन किलो होतं, आणि आठवीतल्या चाळीस किलोच्या मुलाची सॅक चार-पाच किलोच्या वर जाऊ नये. म्हणजे पाणी घेतल्यावर डबा, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बिस्किटं एवढीच जागा उरते. बॅडमिंटनच्या रॅकेट, स्पीकर, चिप्सचे मोठे पुडे शाळेच्या फाटकातच काढून ठेवायचे. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्ध्या बाटलीत पाकीट ओतलं तर द्रावण दाट होतं आणि मुलाला उलटी होते. दमलेलं मूल ओळखू येतं ते गप्प होण्यावरून. बडबड करणारा मुलगा अचानक गप्प झाला, अडखळायला लागला, तर सावली, बसवणं, पाणी. असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात धरायचा: कपडे ओले करायचे, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवायची, शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काहीही द्यायचं नाही, आणि त्याच वेळी १०८ला फोन. या मुलाला चालवत खाली आणायचं नसतं.

कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. हे सगळ्या डोंगरवाल्यांना माहीत आहे आणि सहलीच्या कुठल्याच पत्रकात नसतं. अत्तर, डिओ, केसांचं सुगंधी तेल त्या दिवशी बंद. सुळक्याखाली आरडाओरडा, शिट्ट्या, दगड मारणं, धूर, काहीही नाही. एक माशी डसली की तिच्या नांगीबरोबर जो वास सुटतो त्यावर बाकीच्या येतात, म्हणून हात झटकत उभं राहणं सगळ्यात वाईट. तोंड, मान, कान कपड्याने झाकून आल्या वाटेने ताबडतोब दूर व्हायचं, दाट झाडी मिळाली तर तिच्यात शिरायचं, पण कड्याकडे धावायचं नाही. माणसं माश्यांपेक्षा पळताना पडून जास्त जखमी होतात. नांग्या लगेच खरवडून काढायच्या. खूप दंश झाले, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर घरगुती इलाजात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय. मुलांना हे वर्गात एकदा करून दाखवायला दहा मिनिटं लागतात. गडावर सांगायला गेलात तर उशीर झालेला असतो.

साप क्वचित चावतो, पण चावला तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि न करायच्या जास्त. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, साप मारून सोबत आणायचा नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ, बूट काढायचे, तो हात किंवा पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवायचा आणि मुलाला उचलून न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस चालते. ती रुग्णालयातच मिळते, म्हणून वहीतला तो आधी केलेला फोन.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण चूक बहुतेक वेळा इथेच सुरू होते. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, चाळीस मुलांना चार, आणि शिवाय पुढे एक व शेवटी एक. म्हणजे सहा जण. त्यांतले निदान दोघे डोंगराची सवय असलेले. पाऊलवाटेवर मुलं एकामागे एक चालली की चाळीस जणांची रांग सहज शंभर मीटरच्या पुढे जाते. वळणावर पुढच्याला शेवटचा दिसत नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, शेवटचा आल्याशिवाय हलायचं नाही. मोजताना 'सगळे आहेत का?' विचारू नये, त्याला 'हो' येतंच. नाव घेतलं तर मित्र हजेरी लावून टाकतो. प्रत्येक मुलाला क्रमांक आणि जोडीदार द्यायचा. क्रमांक स्वतःच्या तोंडाने म्हणायचा आणि जोडीदाराचा हात वर धरायचा. गाडीत चढल्यावर, उतरल्यावर, प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक विश्रांतीनंतर. दिवसभरात पंधरा-वीस वेळा होते ही मोजणी आणि मुलं कंटाळतात. कंटाळू द्यावीत.

हळू चालणारं मूल शेवटी ठेवण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. ते मूल धापा टाकत विश्रांतीच्या जागी पोचतं तेव्हा बाकीचे ताजेतवाने होऊन निघालेले असतात, त्यामुळे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सर अशा मुलाला पुढच्या लीडरच्या लगेच मागे ठेवतात आणि सगळ्या रांगेला त्याच्या वेगाने चालवतात. वर्गात बाक वाजवणाऱ्या, रोज शिक्षा होणाऱ्या मुलाला ते प्रथमोपचाराची पिशवी देतात आणि शेवटच्या लीडरसोबत चालवतात. त्या मुलाच्या पाठीवर दिवसभर सगळ्या वर्गाची गरज असते. सोमवारी तो वर्गात वेगळा बसतो. अशा मुलांच्या तोंडी आयुष्यभर सरांचं नाव राहतं, ते यामुळे.

लोकलचं सांगायचं तर गाडी स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. चाळीस मुलं एका दारातून चढू शकत नाहीत. दहा-दहाचे चार गट, चार दारं, प्रत्येक दारात मोठं माणूस शेवटी चढणार. फलाटावर मागे राहिलेल्याने तिथेच, इंडिकेटरखाली थांबायचं. चुकून पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. कुणीही स्वतः होऊन उलट गाडी पकडायची नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचा आणि सरांचा फोन नंबर कागदावर, मोबाइलमध्ये नको. मोबाइलची बॅटरी संपते.

बुटांवर मुलांचे पालक फार खर्च करतात आणि तरी चुकतात. पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या घसरड्या उतारावर, टिकत नाहीत, तळ गुळगुळीत असतो. नवेकोरे बूटही नकोत, दुपारपर्यंत टाचेला फोड येतो. तळाला खाचा असलेले, महिनाभर वापरलेले कोणतेही बूट चालतात. नखं कापलेली हवीत, नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं. एवढं पत्रकात लिहा, पुरे.

प्रथमोपचाराच्या पिशवीत चाळीस मुलांसाठी २० ओआरएस, दहा सेंटिमीटर रुंदीची ४ क्रेप बँडेज, ४ त्रिकोणी पट्ट्या, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, पॉविडोन आयोडीन, कात्री, हातमोजे, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं आणि ती परत आणायला जुने कागद व पिशवी. गोळी कुठलीच नाही, पालकांच्या चिठ्ठीशिवाय. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्याच खिशात हवा, सरांच्या सॅकेत ठेवला तर सर रांगेच्या दुसऱ्या टोकाला असतात. पालकांच्या फॉर्मात 'मूल निरोगी आहे का' असा प्रश्न विचारू नका, सगळे हो लिहितात. दमा, फिट, चक्कर, ॲलर्जी, चालू औषध, गेल्या पंधरा दिवसांतला ताप अशी वेगवेगळी चौकट ठेवा. दोर सोबत असावा, पण तो लागेल अशी वाट निवडू नये. दोर लागतो ती वाट शाळेची नव्हे. म्हणूनच फोटोत देखण्या दिसणाऱ्या हरिहरच्या उभ्या पायऱ्या किंवा कलावंतीण आम्ही शाळांना स्पष्ट नको म्हणतो. तिथे चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद पायरीवर समोरासमोर येतात, आणि एकाचा पाय सुटला तर खालच्या सगळ्यांवर येतो.

गडांचा क्रमही असतो. सहावी-सातवीला कान्हेरीची लेणी. ती ज्यात आहेत ते राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, हे विसरून बस घेऊन बोरिवलीला पोचलेल्या शाळा दरवर्षी दिसतात. आठवीला कर्नाळा, मग लोहगड. नववीला, त्याच मुलांना, राजमाचीचा मुक्काम: श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडीत, गावातल्या घरी पिठलं-भाकरी. आकडा चार दिवस आधी कळवायचा आणि ऐन वेळी दहा मुलं कमी झाली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यायचे, त्या घराने पीठ दळून ठेवलेलं असतं. तीन वर्षांच्या या चढत्या क्रमात सरांना प्रत्येक मुलाचं चालणं माहीत होतं. टूरवाल्याला दर वर्षी नवीन मुलं भेटतात.

आणि या सगळ्यात शिकवणं कुठे बसतं, तर परतीची वेळ सांभाळून उरलेल्या प्रत्येक मिनिटात. घाटात दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसला की सर मुलांना बसवतात. काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एक पूर. तांबडा म्हणजे पुढचा पूर येईपर्यंत त्याच्यावर तयार झालेली माती, नंतर भाजून निघालेली. हे सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. त्याच खडकाचे उभे खांब अंधेरीत गिल्बर्ट हिलला ६० मीटर उंच उभे आहेत आणि अंधेरीतल्या मुलांनी ते पाहिलेले नसतात. कारवीचं रान दाखवताना ते सांगतात की ही सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. आठवीत फुलताना पाहिलेल्या मुलाला पुढची फुलं दिसतील तेव्हा तो वीस-एकवीस वर्षांचा असेल. मूल हिशेब करतं, आणि तो हिशेब त्याला पुस्तकात मिळाला नसता.

आमच्या शहरात मदत करणारे आहेत. १९५४पासून काम करणारी गिरिविहारसारखी संस्था इथे आहे, पक्षी-झाडं शिकवायला १८८३पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, आणि अपघात झालाच तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे किंवा खोपोलीच्या यशवंती हायकर्सचे कार्यकर्ते रात्री-अपरात्री धावून येतात. सरांना उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा जवळपास चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा असेल तर त्याला सेवेतली रजा द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत जा म्हणून सांगू नका. सुट्टीतले प्रवेश आधीच भरलेले असतात आणि सुट्टीत त्यांना निवडणुकीचं नाहीतर जनगणनेचं काम लागलेलं असतं.

अनुदानित शाळेतला शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांना निरोप देतो आणि त्यांच्या वह्या त्यांच्यासोबत घरी जातात. पुढच्या वर्षी नवीन शिक्षक तीच वाट पहिल्यापासून शोधतो, तेच चुकीचे फाटे घेतो. त्या वह्यांची प्रत शाळेच्या कपाटात ठेवा: कुठली वाट, कुठला महिना, किती मुलं, किती वेळ, कुठून मागे फिरलो आणि का. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं त्यांच्यासोबत एका तरुण शिक्षकाला प्रत्येक पायलटला पाठवा. दोन वर्षांत चार-पाच गड होतात, तेवढे पुरतात.

राहिला तो मूळ मुद्दा. खिंडीतून परत आणलेल्या सहलीनंतर पालकसभेत कुणीतरी उठून विचारतं, पैसे घेतले मग गड का नाही दाखवला? त्या वेळी सर एकटे उत्तर देत असतील, तर पुढच्या खेपेला खिंडीत त्यांच्या मनात ती सभा येईल आणि घड्याळाकडे दुर्लक्ष होईल. त्या सभेत पहिलं उत्तर तुमचं हवं, मुख्याध्यापक म्हणून.

यंदाच्या डिसेंबरच्या सहलीसाठी त्यांना आजच एक पायलटचा रविवार लेखी द्या. त्याच कागदावर परतीच्या वेळेसाठी एक रकाना ठेवा, तो त्यांना भरू द्या, आणि त्याखाली तुमची सही करा.

आपले,
शाळांच्या मुलांसोबत सह्याद्रीत जाणारे मुंबईतले काही ट्रेक लीडर